सोयर नाही, सुतक नाही, तरीही

२३ नोव्हेंबर २०२२. रात्री जेवणं उरकून फोन हातात घेतला, तर तीन वेगवेगळ्या ग्रुपवर विक्रम गोखले यांचा एकच फोटो आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. खातरजमा करण्याच्या फंदात मी पडलो नाही. इतक्या लोकांनी टाकलंय म्हणजे असणारच. दहा मिनिटांत दीडशे शब्द लिहून काढले. त्यांचा आवाज, वाक्याच्या मध्येच थांबून समोरच्याला तिष्ठत ठेवायची त्यांची हातोटी, असं बरंच काही. शेवटी 'रंगभूमी पोरकी झाली' हेही होतंच. पोस्ट टाकली आणि, खोटं कशाला बोला, किती जणांनी वाचली ते झोपण्याआधी दोनदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी कळलं की ते आहेत. प्रकृती नाजूक होती, व्हेंटिलेटरवर होते, पण होते. ज्या घरच्यांचा जीव दवाखान्यात टांगणीला लागला होता, त्यांनाच जगाला सांगत बसावं लागलं की आमचा माणूस अजून गेलेला नाही. मी गुपचूप पोस्ट काढून टाकली. २६ तारखेला ते खरोखर गेले, तेव्हा माझ्याकडे लिहायला एक ओळही नव्हती. सगळे शब्द तीन दिवस आधीच खर्चून बसलो होतो.

ही माझी एकट्याची फजिती असती तर इथे सांगितली नसती. पण एखादा नट किंवा नटी गेल्यावर आपण सगळे जे वागतो, त्याची गोम मला त्या तीन दिवसांत दिसली. पडद्यावरचं माणूस गेल्यावर चाहत्याला जे वाटतं ते खरं असतं. त्या वाटण्याच्या जोरावर तो जो हक्क सांगू लागतो, तो मात्र खोटा असतो. टिंगल करणारे पहिली गोष्ट नाकारतात, गर्दी करणारे दुसरी गृहीत धरतात, आणि वाद घालताना आपण दोन्हींची गल्लत करतो.

आधी टिंगल करणाऱ्यांचं पाहू, कारण त्यांचं म्हणणं लवकर आटोपतं. 'तुमचं काय सोयरसुतक?' हा त्यांचा हुकमी प्रश्न. ना नात्यातला, ना गोत्यातला, ज्याला तुम्ही कधी भेटला नाहीत, ज्याला तुमचं नावही ठाऊक नव्हतं, त्याच्यासाठी गळा कसला काढता? सोबत एक उपप्रश्न असतोच: रोज कितीतरी माणसं मरतात, त्यांच्यासाठी कधी रडलात का? या उपप्रश्नाला फार भाव द्यायचं कारण नाही. विचारणारा स्वतः त्या कितीतरी माणसांसाठी रडलेला नसतो. दुसऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी मोजायला मात्र तो माप घेऊन हजर असतो.

मूळ प्रश्न जुना आहे, सिनेमाइतकाच. रुडॉल्फ व्हॅलेंटिनो हा मूकपटांच्या काळातला नायक २३ ऑगस्ट १९२६ रोजी न्यूयॉर्कमध्ये गेला. वय अवघं ३१. त्याचं पार्थिव ठेवलं होतं तिथे सुमारे एक लाख माणसं जमली, खिडक्यांच्या काचा फुटल्या, घोडेस्वार पोलीस आणावे लागले. रडणाऱ्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या आणि त्यांना वेडगळ, उन्मादी ठरवणारे तेव्हाही कमी नव्हते. एखादा खेळाडू गेल्यावर पुरुषांनी डोळे पुसले तर ती हृदयस्पर्शी श्रद्धांजली होते. नटासाठी बायका रडल्या की तो चक्रमपणा. ही दुहेरी फूटपट्टी शंभर वर्षांत फारशी झिजलेली नाही.

१९५६ मध्ये डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी या नात्याला पहिल्यांदा नाव दिलं: पॅरासोशल. टीव्ही तेव्हा नवा होता. कॅमेऱ्यात पाहून बोलणारा माणूस आपल्याशीच बोलतोय असं घरात बसलेल्याला वाटतं, नातं एकतर्फी असतं आणि तरी त्यात ओळखीची ऊब असते, हे त्यांनी मांडलं. आज हा शब्द चाहत्यांना हिणवायला वापरला जातो. त्या दोघांनी मात्र या नात्याला सरसकट विकृती ठरवलं नव्हतं. खऱ्या नात्यांची जागाच ते बळकावू लागलं तर अडचण, एरवी ते बाकीच्या आयुष्याच्या सोबतीने नांदतं, असा त्यांचा एकूण सूर होता. मला वाटतं चाहत्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. आपल्याला हा माणूस ओळखत नाही हे न कळण्याइतका तो खुळा नसतो. माहीत असूनही वाटतं, हीच तर त्याची अडचण.

पुढे १९८९ मध्ये केनेथ डोका यांनी आणखी एक उपयोगी गोष्ट मांडली. काही दुःखांना समाज दुःख म्हणून मान्यताच देत नाही. ज्याच्याशी तुमचं नातं जगाच्या वहीत नोंदलेलं नाही, त्याच्या जाण्याचं दुःख तुम्हाला लपवून करावं लागतं. कामावर सुट्टी मागता येत नाही, कुणी खांद्यावर हात ठेवत नाही. चाहत्याचं दुःख मी याच खात्यात टाकतो. त्याची थट्टा होणार हे त्याला माहीत असतं. म्हणून कधी तो स्वतःच आधी थट्टा करून घेतो, नाहीतर मग आपलं दुःख खरं आहे हे सिद्ध करायला मोठ्याने ओरडतो. पुढचा बराचसा गोंधळ या ओरडण्यातून होतो, असा माझा अंदाज आहे.

पण मग दुःख नेमकं कशाचं असतं? याचं उत्तर मला पुस्तकात मिळालं नाही. ते मिळालं डिसेंबर २००४ च्या एका रात्रीत, जेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. लक्ष्मीकांत बेर्डे गेले होते. वय पुरतं पन्नास. टीव्हीवर बातमी चालू होती आणि बातमीच्या मधोमध त्यांचे प्रसंग दाखवत होते. आता बेर्डेंचे प्रसंग म्हणजे काय दाखवणार? विनोदीच. त्यांचा तो घाबरलेला चेहरा, गडबडीत फुटणारा आवाज, साडी नेसून मुरडत चालणं. वडील सुन्न होऊन बसले होते आणि दुसऱ्याच मिनिटाला फिस्सकन हसले. मग आम्ही सगळेच हसलो. आजी आतून येऊन म्हणाली, "अरे, माणूस गेलंय आणि हसताय काय?" आम्ही गप्प झालो. ती टेकली, तिची नजर पडद्याकडे गेली आणि साडीतल्या त्या प्रसंगाला ती स्वतःच इतकी हसली की तिला ठसका लागला. ठसका थांबल्यावर पदराने डोळे पुसत म्हणाली, "मेल्यानं मरूनसुद्धा हसवलं." डोळ्यांतलं पाणी हसण्याचं होतं की कशाचं, ते मला तेव्हा कळलं नाही, आजही सांगता येणार नाही.

त्या रात्री आमच्या घरातून काय गेलं होतं? हिशेब करायला बसलं तर काहीच नाही. त्यांनी केलेला प्रत्येक चित्रपट जिथल्या तिथे होता. आम्हाला ते जेवढे मिळाले होते, तेवढे सगळेच्या सगळे शिल्लक होते, आणि पडद्यावर हसवत होते. गेला होता तो फक्त पुढचा चित्रपट. आणि हो, 'पुढचा येईलच' या भरवशावर चाललेला आमच्या आयुष्याचा एक काळ. वडिलांनी तरुणपणी मित्रांसोबत पाहिलेले ते चित्रपट आता 'जुने' झाले होते. आदल्या दिवशीपर्यंत ते जुने नव्हते.

त्याच रात्री बेर्डेंच्या घरात काय गेलं होतं? त्यांची मुलं तेव्हा माझ्याहूनही लहान होती. तिथे जे होतं तेच गेलं होतं. बाप टीव्हीवर हसवत राहणार होता, पण त्या मुलांचा बाप टीव्हीवरचा नव्हता.

माझ्या मते सगळा फरक इथे आहे. चाहत्याकडे जे होतं ते त्याच्याकडेच राहतं, त्याचं पुढचं जातं. घरच्यांचं मात्र होतं तेच जातं. दोन्ही नुकसानं खरी आहेत, पण जात वेगळी आहे. चाहता एखाद्याच्या जाण्याने स्वतःच्या वयासाठी, स्वतःच्या सरलेल्या दिवसांसाठी हळहळतो, यात स्वार्थ आहे असं कुणी म्हणेल. असू दे. स्वतःच्या आयुष्याबद्दल हळहळण्यासारखं दुसरं निमित्त माणसाला सहसा मिळत नाही.

आणि प्रेक्षकाला भूमिका आणि माणूस यांतलं काही कळत नाही, हाही एक गैरसमज. निळू फुले यांचं उदाहरण घ्या. पडद्यावर त्यांनी असे काही सरपंच, पाटील आणि साखरसम्राट उभे केले की बायकांना प्रत्यक्षातही त्यांची धास्ती वाटायची, हे किस्से सर्वश्रुत आहेत. १३ जुलै २००९ रोजी ते गेले तेव्हा त्याच बायका हळहळल्या. कुणासाठी? ज्या माणसाचा त्यांनी वर्षानुवर्षं तिरस्कार केला त्याच्यासाठी? तर नाही. राष्ट्र सेवा दलात घडलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहिलेला साधा, सरळ माणूस त्या भूमिकांमागे आहे हे लोकांनी ओळखलं होतं. इतका वाईट दिसू शकला म्हणजे किती चांगला नट असेल, हे गणित प्रेक्षकाला बरोबर सोडवता येतं. त्याला भोळसट समजणाऱ्यांनी याचा विचार करावा.

इथवर मी चाहत्यांच्या बाजूने आहे. आता दुसरी बाजू.

चाहता म्हणतो, आम्ही यांना मोठं केलं, आम्ही तिकिटं काढली, तेव्हा अंत्यदर्शनाचा आम्हाला हक्क आहे. १२ एप्रिल २००६ रोजी कन्नड अभिनेते राजकुमार गेले. त्यांच्यावर लोकांचं प्रेम किती होतं हे सांगायला नकोच. त्या प्रेमाने बंगळुरूत दगड उचलले, गाड्या पेटवल्या, पोलिसांनी गोळीबार केला, काही माणसं हकनाक मेली आणि त्यांत एक पोलीसही होता. त्याआधी डिसेंबर १९८७ मध्ये एम. जी. रामचंद्रन गेले तेव्हा तमिळनाडूतही हिंसाचारात माणसं गेली होती, पण ते मुख्यमंत्रीही होते, तिथे राजकारण मिसळलेलं होतं. राजकुमार निवडणुकीच्या राजकारणापासून दूर राहिलेले. तिथे होतं ते निव्वळ प्रेम आणि दर्शन न मिळाल्याचा संताप. पंधरा वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०२१ रोजी, त्यांचा धाकटा मुलगा पुनीत वयाच्या ४६ व्या वर्षी अचानक गेला, तेव्हा सरकारच्या मनात पहिला विचार २००६ चा होता. शहरभर पोलीस, दारूविक्री बंद आणि अंत्यसंस्कार भल्या सकाळी. ज्या घराने बाप गर्दीच्या हवाली केला होता, त्या घराला मुलाला निरोप देतानाही गर्दीचंच वेळापत्रक पाहावं लागलं.

पुनीतच्या बाबतीत एक वेगळंही घडलं, ते सांगायला हवं. बापाप्रमाणे त्यानेही नेत्रदान केलं होतं. त्याच्या डोळ्यांचा चार जणांना उपयोग झाला आणि त्यानंतर कर्नाटकात नेत्रदानाचे अर्ज भरणाऱ्यांची रीघ लागली. इथे लेखक मंडळी टुणकन उडी मारून म्हणतात: बघा, शोक असा विधायक मार्गाला लावावा! मला हा उपदेश रुचत नाही. प्रत्येक दुःखाला कामाला जुंपायलाच हवं असं कुठे आहे? पण त्या अर्ज भरणाऱ्यांनी एक गोष्ट नकळत बरोबर केली. त्यांनी पुनीतकडे आणखी काही मागितलं नाही. जे द्यायचं ते स्वतःचं दिलं.

देहाच्या दर्शनाचा हक्क नाही हे एक वेळ लोक मान्य करतात. 'कसं झालं' हे कळण्याचा हक्क मात्र कुणी सोडत नाही. २०१८ च्या फेब्रुवारीत श्रीदेवी दुबईत गेल्या, तेव्हाचे ते तीन-चार दिवस आठवा. वाहिन्यांनी पडद्यावर बाथटब उभा केला, त्यात पाणी भरलं, त्यात बाई तरंगती दाखवली. एक वार्ताहर तर स्वतः कॅमेऱ्यासमोर टबात आडवा झाला. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हे. पण लोणी विकलं जात होतं म्हणून काढलं जात होतं. ते पाहणारे आपणच होतो, आणि पाहून झाल्यावर हळहळणारेही आपणच.

हे आजचं नाही. १९३५ च्या ८ मार्चला शांघायमध्ये रुआन लिंग्यू या चिनी अभिनेत्रीने वयाच्या २४ व्या वर्षी आयुष्य संपवलं. त्याआधी कितीतरी दिवस तिथली वर्तमानपत्रं तिच्या खासगी आयुष्याचे लचके तोडत होती. नियतीचा क्रूरपणा असा की त्याच वर्षी आलेल्या चित्रपटात तिने अशाच, पत्रकारांनी छळलेल्या बाईची भूमिका केली होती. तिच्या अंत्ययात्रेला शहर लोटलं. लू शुन यांच्यासारख्या मोठ्या लेखकाला तिच्या मृत्यूनंतर कुचाळकीच्या ताकदीवर लेख लिहावासा वाटला. मला राहून राहून त्या अंत्ययात्रेतल्या गर्दीचं कुतूहल वाटतं. डोळे पुसणाऱ्या किती जणांनी आदल्या आठवड्यात ती वर्तमानपत्रं विकत घेतली असतील?

दुःखाला उत्तर मिळालं नाही की त्याला गुन्हेगार लागतो. १४ जून २०२० रोजी सुशांतसिंह राजपूत गेला. टाळेबंदी होती, माणसं घरात कोंडलेली होती, रिकामा वेळ होता आणि भीतीही होती. लाखो तरुणांना खरंखुरं दुःख झालं, ते मी जवळून पाहिलं आहे. महिनाभरात त्या दुःखाचा तपास झाला, तपासाचा खटला झाला आणि खटल्यात निकाल आधीच ठरलेला होता. त्याच्याबरोबर राहणाऱ्या अभिनेत्रीला रस्त्यात घेरलं गेलं, तिला जवळपास महिनाभर तुरुंगात काढावा लागला. एम्सच्या डॉक्टरांच्या समितीने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये खुनाची शक्यता फेटाळली. जानेवारी २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने माध्यमांनी चालवलेल्या त्या समांतर खटल्यावर कडक ताशेरे ओढले. केंद्रीय तपास यंत्रणेने मार्च २०२५ मध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. 'न्याय मिळालाच पाहिजे' असं रोज रात्री लिहिणाऱ्यांपैकी कुणी त्या मुलीची माफी मागितल्याचं माझ्या वाचनात आलेलं नाही. आपण प्रेमापोटी केलं, ही त्यांची समजूत अजून शाबूत असावी.

आजार कळण्याचा हक्क हा याचाच धाकटा भाऊ. इरफान खानने मार्च २०१८ मध्ये स्वतःच आपला आजार जाहीर केला. चॅडविक बोसमन या अमेरिकी अभिनेत्याने २०१६ पासून चार वर्षं कर्करोग लपवला, उपचार घेत घेत चित्रपट केले आणि २८ ऑगस्ट २०२० रोजी तो गेला तेव्हाच जगाला कळलं. त्याआधी काही महिन्यांपूर्वीच एका चित्रफितीत त्याचं उतरलेलं वजन पाहून लोकांनी इंटरनेटवर नाना तर्क लढवले होते, टवाळीही केली होती. तीच बोटं नंतर 'आम्हाला सांगायचं तरी' असं लिहीत होती. का सांगायचं? एकाने सांगितलं, एकाने नाही. दोघांचंही बरोबर होतं, कारण आजार त्यांचा होता.

आता एका मुलीबद्दल थोडं सविस्तर सांगतो. ११ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकी विनोदी अभिनेते रॉबिन विल्यम्स यांनी आयुष्य संपवलं. जगभर हळहळ झाली. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने त्यांच्या दिव्यातल्या जिनीच्या भूमिकेची आठवण देत 'जिनी, तू मुक्त झालास' अशा अर्थाचं ट्वीट केलं. लाखो लोकांनी ते डोळे ओले करून पुढे पाठवलं. आत्महत्या रोखण्याचं काम करणारे मात्र धास्तावले. खचलेल्या माणसाला आपण मृत्यू म्हणजे सुटका असल्याचं सांगतो आहोत, हे त्यांना दिसत होतं. पुढच्या पाच महिन्यांत अमेरिकेतल्या आत्महत्या अपेक्षेपेक्षा सुमारे १० टक्क्यांनी जास्त झाल्याचं २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं. एका ट्वीटवर याचं खापर फोडता येणार नाही, फोडूही नये. पण आपले शब्द हवेत विरतात या भ्रमात राहता येत नाही, एवढं त्यातून कळतं.

तर त्यांची मुलगी झेल्डा. वडील गेल्यानंतर काही दिवसांतच तिने ट्विटर सोडलं, कारण काही विकृत लोक तिला वडिलांच्या नावाने बनावट भयंकर छायाचित्रं पाठवत होते. तो द्वेष होता आणि सगळ्यांनी त्याचा निषेध केला. अकरा वर्षं गेली. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याच झेल्डाला पुन्हा लोकांना हात जोडावे लागले: माझ्या वडिलांचे एआयने बनवलेले व्हिडिओ मला पाठवणं थांबवा. या वेळी पाठवणाऱ्यांत द्वेष करणारेच नव्हते. चाहतेही होते. 'बघ, तुझे बाबा पुन्हा बोलतायत,' या आनंदात ते पाठवत होते. एकदा द्वेषाने, एकदा प्रेमाने, पण पाकीट एकाच दारात पडलं आणि उघडणाऱ्या हाताला दोन्हींचा चटका बसला.

एआयबद्दलची माझी हरकत इथूनच येते. तंत्रज्ञान वाईट, कला मेली, वगैरे गळे मला काढायचे नाहीत. चाहत्याचं फक्त 'पुढचं' जातं असं मी वर म्हटलं. ही यंत्रं नेमकं तेच परत द्यायला निघाली आहेत. नट गेला तरी पुढचा चित्रपट येईल. म्हणजे चाहत्याचं जे एकमेव नुकसान, तेही होऊ द्यायचं नाही. ऐकायला छान वाटतं. पण मग उरतं काय? बेर्डेंचा नवा विनोद यंत्राने बनवला तर आजीला ठसका लागेल? २०१६ मध्ये 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या एका चित्रपटात पीटर कुशिंग हा नट पुन्हा दिसला. तो १९९४ मध्येच वारला होता. तंत्र थक्क करणारं होतं आणि डोळे काचेचे वाटत होते. याउलट त्याच मालिकेतली कॅरी फिशर २७ डिसेंबर २०१६ रोजी गेली. मालिकेचा २०१९ मधला भाग करताना दिग्दर्शकाने तिची आधी चित्रित झालेली पण न वापरलेली दृश्यं शोधून त्यांच्याभोवती प्रसंग बांधले. चेहरा तिचा, आवाज तिचा, केलेलं काम तिचं. प्रसंग जरा ओढूनताणून बसवलेले वाटतात हे खरं. चालेल. बाई जेवढी होती तेवढीच वापरली.

रॉबिन विल्यम्स यांनी तर हे आधीच ओळखलं होतं. आपली छबी मृत्यूनंतर पंचवीस वर्षं, म्हणजे २०३९ पर्यंत, कुणी वापरू नये अशी कायदेशीर तजवीज त्यांनी करून ठेवली होती. कॅलिफोर्नियाने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा करून मृत कलावंताची डिजिटल प्रतिकृती वापरण्यासाठी वारसांची संमती बंधनकारक केली. असे कायदे सगळीकडे हवेत. पण कायदा निर्मात्याला अडवेल. फोनवर दोन मिनिटांत व्हिडिओ बनवून तो मेलेल्याच्या मुलीला पाठवणाऱ्या चाहत्याला कोण अडवणार? त्याला तर आपण श्रद्धांजली वाहतोय असंच वाटत असतं.

२०२० च्या एप्रिलअखेर, २९ तारखेला इरफान आणि ३० ला ऋषी कपूर गेले. टाळेबंदीमुळे दोन्ही ठिकाणी मोजकीच माणसं होती. लोक तेव्हा हळहळले, की एवढ्या मोठ्या कलावंतांना निरोप द्यायला कुणी नाही. मला वाटतं नटाला इतका नीट निरोप क्वचितच मिळतो. घरचे घरच्यांसोबत होते आणि चाहते आपापल्या घरी त्यांचे चित्रपट पाहत होते. दुःख त्यामुळे कमी झालं नाही, उलट दोन दिवस सगळीकडे तेच होतं. दगड तेवढा कुणी उचलला नाही. ज्याचं जे होतं ते ज्याच्या त्याच्यापाशी राहिलं.

याच इरफानला 'पानसिंग तोमर'साठी सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा तो विभागून मिळाला होता. दुसरे मानकरी विक्रम गोखले, चित्रपट 'अनुमती'. २६ नोव्हेंबर २०२२ ला, लिहायला शब्द उरले नव्हते तेव्हा, रात्री मी तो लावून बसलो. बायको बेशुद्धावस्थेत यंत्रांच्या आधारावर आहे. ती वाचणार नाही असं डॉक्टर सांगतात, पैसे संपत चालले आहेत, आणि यंत्रं काढायला अनुमती दे म्हणून एक कागद नवऱ्यापुढे येतो. चित्रपटभर तो त्या एका सहीपासून पळत असतो. ज्याच्या घरचं माणूस होतं, त्याला ती सही जमत नव्हती. मी मात्र २३ तारखेला रात्री, जेवण झाल्यावर, दहा मिनिटांत करून मोकळा झालो होतो.